मागे वळलेल्यांचे अभिप्राय

मारुतरावांच्या बशीतला चहा त्या रविवारी सकाळी लेंग्यावर सांडला, तो विठ्ठलवाडीच्या जगनमुळे. हा जगन कोण, काय करतो, ठेंगू की उंच, मारुतरावांना काडीचं ठाऊक नव्हतं. जगन म्हणजे मोबाईलवरच्या चार ओळी, बस्स. पण त्या चार ओळींनी डोंबिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका शांत, साखर कमी केलेल्या सकाळीला असा काही धक्का दिला, की कप इकडे, बशी तिकडे आणि मारुतराव मधोमध. जगनने लिहिलं होतं, “मी मागे वळलो. काय दिसलं ते सांगणार नाही, ज्याचं त्याने बघावं. पण आईशप्पथ, मोबाईल पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायको विचारते काय झालं. काय सांगू तिला? पाचपैकी पाच.” मारुतरावांनी ओला लेंगा मांडीपासून चिमटीत उचलून धरला आणि त्या ओळी पुन्हा वाचल्या. मागे वळलो. म्हणजे मागे काहीतरी होतं. इतके दिवस ते समजून चालले होते की मागे काही नाहीच. मागे म्हणजे नुसती सूचना, विजेच्या डब्यावर कवटी काढतात तशी. आणि आता हा विठ्ठलवाडीचा इसम सांगत होता की आपण डबा उघडला आणि आत कुणीतरी होतं.

गेम त्यांच्या मुलीने केलेला होता. कल्पिताने. ती नवऱ्याबरोबर, हितेशबरोबर, ठाण्याला वर्तकनगरात राहायची, दिवसभर कुठल्याशा कंपनीसाठी लोकांच्या मोबाईलवरच्या बटणांवर काय लिहावं हे ठरवायची, आणि संध्याकाळी घरी येऊन हे. ‘पाताळवाट’ नाव. ना चित्र, ना आवाज, ना कुणी कुणावर गोळ्या झाडत होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि खाली दोन-तीन वाटा. नावेत बस. काठावर थांब. तुम्ही बोट ठेवाल तिकडे गोष्ट वळायची. मूळ गोष्ट ग्रीकांच्या पुराणातली. एका गवयाची बायको मरते, हा पठ्ठ्या गात गात पाताळात उतरतो, तिथल्या राजाला पाघळवतो, आणि राजा म्हणतो, ने तिला. तू पुढे चाल, ती मागून येईल. फक्त उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. एवढी एकच अट. कल्पिताने त्या गवयाच्या जागी ‘तुम्ही’ला उभं केलं होतं. मराठीत आणि इंग्रजीतही. गेम बाहेर पडल्यापासून मारुतराव रोज सकाळी त्याखालचे अभिप्राय वाचत. बाकीचे निवृत्त लोक शेअरचे भाव बघतात तसे. कालच्यापेक्षा वर की खाली? वरच. नॉर्वेतली कुणी बाई लिहायची की मी बर्फात बस चुकवून हे खेळत बसले. नागपूरचा कुणी सर्वेश म्हणायचा की मी आयुष्यात पुस्तक पूर्ण केलेलं नाही, हे तीनदा पूर्ण केलं. एखादा कुरकुऱ्या यायचा, ‘नावेत फार वेळ जातो’ म्हणायचा, तेव्हा मारुतरावांना वाटायचं की याच्या घरी जाऊन याला खऱ्या नावेत बसवावं. कल्पिता मात्र सगळ्यांना सारखंच उत्तर द्यायची. मनापासून आभार, पुन्हा उतरा. आणि वडिलांना फोनवर म्हणायची, “बाबा, तुमचा अभिप्राय नाही आला अजून.” “लिहितो गं,” ते म्हणायचे. मग ती म्हणायची, गोळी घेतली का. मग ते म्हणायचे, गॅस आला. दोघांचं बोलणं गेली काही वर्षं असंच गोळ्या आणि सिलिंडर यांच्यामधून चालायचं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, भांडण मिटतं तरी.

आता मारुतराव म्हणजे काही मुखदुर्बळ माणूस नव्हे. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते तेव्हा त्यांच्या थापा ऐकायला दुसऱ्या पाळीतली माणसं लवकर यायची. त्यांची बॉयलरची थाप तर अख्ख्या एमआयडीसीत ठाऊक होती. एकदा त्यांनी एका बॉयलरचं ड्रॉइंग इतकं बिनचूक काढलं की कागदातून वाफ यायला लागली. शिपायाने तीवर सबंध खात्याचा चहा उकळला, आणि संध्याकाळी साहेबाने ड्रॉइंग गुंडाळायला घेतलं तेव्हा त्याची बोटं भाजली. हे सांगताना ते भाजलेलं बोटही दाखवायचे, स्वतःचं. आणि ही थाप गेममध्ये होती! पाताळाच्या दारात तीन डोक्यांचं कुत्रं बसलेलं. त्याला ओलांडायला तीन वाटा: गाणं म्हण, भाकरी टाक, गोष्ट सांग. मारुतराव कशावर बोट ठेवणार? त्यांनी गोष्ट सांग म्हटलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की कुणा एका चित्रकाराने कुंभाराची भट्टी इतकी हुबेहूब काढली की कागदातून वाफ आली. एक डोकं हसलं, दुसरं झोपलं, तिसऱ्याने विचारलं, मग बोट कुणाचं भाजलं? टिटवाळ्याच्या कुणा क्षिप्राने त्यावर लिहिलं होतं की ही भट्टीची थाप ज्या कुणाची आहे त्या माणसाला भेटायला मी पायी येईन. तो सबंध दिवस मारुतराव जमिनीपासून वीतभर वरून चालले. भाजीवालीनेसुद्धा विचारलं, काका, नवीन चप्पल का? पण दुपारी आडवे झाले आणि लगेच उठून बसले. थाप घेतली म्हणजे पोरीने घरातलं उचललंय. मग आणखी काय काय उचललं असेल?

कौतुक त्यांना मनापासून होतं, खोटं नाही. नाववाला तर त्यांना इतका आवडला होता की ते मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचे. हा नाववाला पैसे घेत नाही, आठवण घेतो. मारुतरावांनी शहाणपणा करून आपल्याला नको असलेली आठवण निवडली होती, ‘कुणीतरी तुमच्याबद्दल केलेलं भाषण’. त्यांना निरोप समारंभातलं मॅनेजरचं भाषण आठवलं. नाववाल्याने ती हातात घेतली, तोलली आणि म्हणाला, हलकी आहे, आणखी टाक. मग त्यांनी धीर करून ‘एक दुपार, दोघांची’ दिली. नाव सुटली. पण त्यानंतर दूध आणायला गेले तरी त्यांना चैन पडेना. दुपार गेली की काय खरंच? टिटवाळ्याच्या देवळामागचं ते तळं, नवीन लग्न, देवयानीच्या हातातला केळीच्या पानावरचा मोदक, आणि तिने त्यातला गूळ-खोबऱ्याचा भाग खाऊन पारी त्यांना दिलेली. पिशवी हातात धरून ते दुकानासमोर उभे राहिले आणि एकेक गोष्ट चाचपत बसले. तळं आहे. पान आहे. पारी आहे. दुकानदार म्हणाला, “काका, सुट्टे हरवले का?” ते म्हणाले, “नाही, सापडले.” अशी वेळ आणणारा गेम, पोरीने केलेला! हे अभिप्रायात लिहायचं कसं? पाचपैकी पाच म्हटलं की संपतं. आणि तरी त्यांनी लिहिलं नव्हतं, कारण त्यांना आतून वाटायचं की आपण गेम पुरा खेळलेलोच नाही. शेवटी बोगदा येतो. मागून पावलं ऐकू येतात, मग येईनाशी होतात. खाली दोन वाटा: चालत राहा, मागे वळून बघ. मारुतराव दर वेळी चालत राहिले. दर वेळी शेवटी तेच. तुम्ही बाहेर येता. ऊन आहे.

ह्या बाबतीत ते एकटे नव्हते. त्यांनी गेमची लिंक बागेतल्या सकाळच्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठवली होती, आणि कट्ट्याचा म्होरक्या धाकूशेठ तर त्यावर तुटून पडला होता. धाकूशेठ मूळचा इथलाच. त्याच्या आजाने जिथे भात लावला तिथे आता त्याच्याच नावाचं सात मजली संकुल होतं, आणि तळमजल्यावर मीठ-मिरचीपासून मोबाईलपर्यंत सगळं मिळायचं. “मारुतराव, तुमचे पोरीनं कमाल केलान,” तो म्हणाला होता. “मी कुत्र्याला भाकर टाकली, नावंत बसलू, राजासमोर गाना बोललू. सगला केला.” “मागे वळलात का?” मारुतरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. धाकूशेठने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी चप्पल घालून देवघरात जाता का, असं विचारलं. “कनाला वलू? आपला मानूस मसनातशी निगला का मागारी बगतं का? नाय ना? मंग! त्यो राजा नुसता बोलला. नस्ता बोलला तरी मी नस्तू बगला. आमाला आईच्या दुधासंगती शिकवलंय.” कट्टाभर माना हलल्या. कुणीच वळलं नव्हतं. त्या गोऱ्या ग्रीक गवयाला जे साधलं नाही ते डोंबिवली-कल्याणच्या यच्चयावत माणसांनी हसत हसत साधलं होतं. सगळे बायकोला सुखरूप घेऊन उन्हात आले होते आणि सगळ्यांनी लिहिलं होतं, छान गेम, सोपा शेवट. नॉर्वेची बाई वळली होती. नागपूरचा सर्वेश वळला होता, पण मागे काही होतं असं दोघांनीही लिहिलं नव्हतं. आणि आता विठ्ठलवाडीचाही फुटला.

मारुतरावांनी लेंगा बदलला. पलंगावर बसले. समोरच्या खिडकीत कबुतर गुं गुं करत होतं, खाली कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायच्या बेतात नुसताच फुसफुसत होता, आणि त्यांच्या नाकात मात्र एकदम कडुनिंबाचा वास आला. वास कुठून यायचा? तो त्या दिवसाचा होता. देवयानीला पोचवून परत निघाले होते तो दिवस. स्मशानातून परतताना सर्वांत धाकटं माणूस पुढे आणि मोठं शेवटी, अशी रीत. म्हणून कल्पिता पुढे होती. तिने हट्ट धरून यायचं ठरवलं होतं, कुणी आडवं आलं नाही. मध्ये भाऊबंद, शेजारी, कारखान्यातले दोघंतिघं. सगळ्यांत मागे मारुतराव. आणि घराच्या दारात, पाणी आणि कडुनिंबाचा टहाळा घेऊन उभ्या असलेल्या कलावतीला, म्हणजे मारुतरावांच्या थोरल्या बहिणीला, कुणीतरी पुटपुटून सांगितलं की पोरगी वाटेत मागे वळली. झालं. कलावतीआत्याने जिन्यातच सूर लावला. “अगं बाई बाई! मागे बघितलंस? आता जीव अडकला की गं तिचा! शिकवलंय काय तुला? एवढी मोठी घोडी झालीस!” कडुनिंबाचं पान दाताखाली धरून कल्पिता आत्याकडे शांतपणे बघत राहिली. मारुतरावही काही बोलले नाहीत. ते बोलतील कसे? त्यांच्या स्वतःच्या तोंडात पान होतं, आणि पानाखाली दुसरीच गोष्ट होती. कारण मारुतरावही वळले होते.

ते वळले ते काही दुःखाने नाही. हेच तर कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. ते कुलपाने वळले. देवयानीला सगळ्या संसारात एकच भय होतं, घर उघडं राहील याचं. कुठेही निघाले, लग्नाला, दवाखान्यात, नुसतं वाण्याकडे, की जिना अर्धा उतरल्यावर ती थांबायची. “कुलूप ओढून बघितलंत का?” बघितलेलं असायचं. तरी मारुतराव मागे वळायचे, पायऱ्या चढायचे, कुलूप ओढायचे आणि वरून ओरडायचे, “लागलंय! चल!” मग ती पुढचं पाऊल टाकायची. दोघांच्या लग्नातलं हे रोजचं मंगलाष्टक होतं म्हणा ना. त्या दिवशी स्मशानाच्या फाटकाबाहेर पडले, आणि नेमकं तेवढं अंतर झालं असेल, अर्ध्या जिन्याएवढं. कानात नाही, मानेतच कुठेतरी आवाज आला, ओढून बघितलंत का? आणि मान वळली. वळली ती वळलीच. ते तिथे उभे राहिले. मागे काय होतं? धूर. हातात बांबू घेतलेला माणूस. पत्र्याच्या छपरावर एक कावळा, तोही आपल्या कामात. देवयानी नव्हती. ते पुन्हा पुढे वळले तेव्हा रांग थोडी लांब गेली होती. पाय उचलून त्यांनी ती गाठली. कुणी पाहिलं नव्हतं, कारण बघणार कोण? सगळ्यांची तोंडं पुढे होती. त्या दिवसापासून मारुतरावांनी कुलूप लावलं की लावलं. जिन्यात थांबणं नाही, ओढून बघणं नाही. मान सरळ. एकदा तर कुलूप न लावताच भाजीला गेले होते आणि तरी वळले नव्हते.

आणि मनाच्या तळाशी इतकी वर्षं एकच कुसळ होतं. मी वळलो, मला धूर दिसला. पोरगी वळली, तिला कोण दिसलं? तिला दिसली असेल का देवयानी? आईने मुलीसाठी पदर खोचून दोन पावलं मागोमाग टाकली असतील आणि मी वळलो तेव्हा परत गेली असेल, असं तर नसेल? त्यांनी विचारलं नव्हतं. ‘हो’ आलं असतं तर ते कुठे ठेवलं असतं त्यांनी? कपाटात? बाहेरून येणारी माणसं, नॉर्वेची, नागपूरची, आणि आता विठ्ठलवाडीची, त्यांच्या मुलीने काय पाहिलं ते बघून, पाच तारे देऊन निघून जात होती. एकट्या बापाला ठाऊक नव्हतं. एक क्षण त्यांच्या मनात आलं की जगनलाच लिहून विचारावं. बाबा रे, बाई होती का? उंच? नाकात मोरणी? मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ज्याने कागदावर चहा उकळला त्या माणसाने परक्याकडून कॉपी करायची?

त्यांनी मोबाईल घेतला आणि पुन्हा पाताळात उतरले. कुत्र्याला थाप सांगितली. नाववाल्याला या वेळी थेट म्हणाले, घे रे काय घ्यायचं ते, आणि त्याने काय घेतलं तेही नीट वाचलं नाही. राजापुढे गायले. बोगदा. मागे पावलं. पावलं बंद. खाली दोन वाटा. चालत राहा. मागे वळून बघ. बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. सत्तरीचा माणूस, पलंगावर बसलेला, बाहेर लख्ख ऊन, समोर एक वीतभर काच, आणि अंगठा खाली येत नाही! त्यांना हसू आलं. अरे, खोटं आहे हे. अक्षरं आहेत. पण अंगठ्याला ते पटेना. अंगठा आईच्या दुधासंगती शिकलेला. मग मारुतरावांनी एक युक्ती केली. त्यांनी स्वतःलाच विचारलं, मोठ्याने, त्या रिकाम्या खोलीत, “कुलूप ओढून बघितलंत का?” आणि मान वळायच्या आधी अंगठा वळला.

तुम्ही मागे वळता. ती तिथे नाही.

मारुतरावांनी श्वास सोडला. नाही. तिलाही नाही दिसली. दोन ओळींची जागा मोकळी होती, आणि मग पुढे होतं. वाटेवर, बराच मागे, एक म्हातारा उभा आहे. पाठमोरा. तोही मागे बघतोय. त्याच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूने आत दुमडली आहे. ती नीट करणारं आता कुणी नाही, हे त्याला अजून माहीत नाही.

त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला. आज बनियन होता, कॉलर नव्हती. तरी त्यांनी ती चाचपली. हात तिथेच राहिला, आणि डोक्यात सगळी रांग उलटी चालू लागली. शेवटचा तो पहिला झाला, पुढची ती मागे वळली, तिच्यात आणि त्यांच्यात सगळ्यांच्या पाठी आणि सगळ्यांची पुढे बघणारी तोंडं, आणि त्या सगळ्यांवरून एक पोर बापाला शोधत होती. येतोय ना मागून? आणि बाप पाठमोरा. म्हणजे ती आईसाठी वळलीच नव्हती. आणि जिन्यात आत्या घोडी म्हणाली तेव्हा कल्पिताने एवढंच म्हणायचं होतं, बाबा पण वळले. एका वाक्यात सुटली असती. ती पान चावत राहिली. कडुनिंब! मारुतरावांना त्या पानाची चव आता लागली, इतक्या वर्षांनी, तिच्या तोंडातली.

खाली दोन वाटा होत्या. चालत राहा. त्याला हाक मार. त्यांनी हाक मारली.

तो वळत नाही. म्हणतो, “कुलूप ओढून बघत होतो.”
बोगद्याला दार नाही.

आणि ह्या सबंध गेममध्ये, जिथे पानोपानी दोन-दोन, तीन-तीन वाटा, तिथे ह्या एका पानाखाली एकच होती.

“लागलंय. चला.”

मारुतरावांनी तीवर बोट ठेवलं. ठेवून धरलं. अक्षरं बदलली. दोघं बाहेर येता. ऊन आहे.

मोबाईल पालथा घालून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. विठ्ठलवाडीचा कुणी जगन आपल्या गॅलरीत असाच उभा राहिला असेल, त्याने कुणाला मागे उभं पाहिलं असेल कोण जाणे. समोरच्या इमारतीतली बाई चादर झटकत होती. मारुतरावांना वाटलं, तिला ओरडून सांगावं, अहो, माझ्या मुलीने केलंय हे! मग आत येऊन त्यांनी फोन लावला.

“हां बाबा. गोळी घेतली का?”

“घेतली. कल्पे, मी मागे वळलो गं.”

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली.

“गेममध्ये?”

“गेममध्ये पण.”

वर्तकनगरातून नळाचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी बंद केला. “माहितीये मला,” ती म्हणाली.

“कॉलर खरंच दुमडलेली होती?”

“घरी येईपर्यंत. अख्ख्या जिन्यात.”

“मग सांगायचंस तरी.”

“सांगितलं असतं तर आत्याने तुम्हाला कडुनिंबासकट चावलं असतं.” ती हसली, आणि हसण्याच्या शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला. “अभिप्राय कुठाय? नागपूरचे लोक तीन-तीनदा लिहितायत. घरचं माणूस मात्र...”

“लिहिता येत नाहीये. तोंडी दिला तर चालेल?”

“तोंडी म्हणजे जेवायला या. हितेशने सुरमई आणलीये. तो विचारत होता, बॉयलरच्या ड्रॉइंगवर खरंच चहा उकळला होता का?”

“उकळला म्हणजे? बोट दाखवतो ना त्याला!”

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. आरशात कॉलर बघितली, दोन्ही बाजूंनी. पायात चप्पल, खिशात पाकीट, दार ओढलं, कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागले. अर्ध्यावर आल्यावर ते थांबले. मग वळले, एका हाताने कठडा धरून पायऱ्या चढले, आणि कुलूप चांगलं जोर लावून ओढलं. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं. मारुतराव तिकडे न बघता खालच्या रिकाम्या जिन्याकडे तोंड करून ओरडले, “लागलंय! चल!”